कळा तिच्या, गोष्ट सगळ्यांची

बाळंतपणाबद्दल बोलायचंय असं म्हणून माझ्याकडे सहसा कुणी येत नाही. झोप लागत नाही, डोकं भणभणतं, नवऱ्याशी धड बोलणंच होत नाही, बाळ रडायला लागलं की हात थरथरतात, दूध पुरत नाही असं सारखं वाटतं, अशा काहीतरी तक्रारी घेऊन बाया येतात. कधी सासू घेऊन येते, ‘हिचं कशात लक्षच नाही’ म्हणत. कधी बालरोगतज्ज्ञ पाठवतात, कारण बाळ ठणठणीत असूनही आई पुन्हा पुन्हा दवाखान्यात येत असते. दोन-चार भेटी होतात. मग एखाद्या दिवशी निघता निघता, पर्स खांद्याला लावून दाराशी उभं राहिल्यावर ती म्हणते, ‘ताई, त्या दिवशी लेबर रूममध्ये ना...’ आणि थांबते.

जळगावात समुपदेशन करताना हे ‘त्या दिवशी’ मी इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी लेकुरवाळी समोर बसली की पहिल्याच एक-दोन भेटींत मी विचारून ठेवते, बाळंतपण कसं गेलं होतं? उत्तर बहुतेक वेळा ‘चांगलं’ एवढंच मिळतं. मिळू दे. ती गोष्ट इथे काढली तरी चालेल एवढं तिला कळलं, तरी पुष्कळ झालं. पुढचं तिच्या सवडीने येतं.

ज्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून गावं, वयं, प्रसंगांचे तपशील मी बदलले आहेत; कुठे दोघी-तिघींची हकिगत एकीत मिसळली आहे.

आपल्या खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक आईकडे येते. आपली कितीतरी घरं पोटापाण्यासाठी सुरतेला, उधन्याला गेलेली. तिकडे नवरा कारखान्यात, इकडे ती अमळनेरला, पारोळ्याला, चोपड्याला. कळा सुरू झाल्या की फोन जातो, तो मिळेल त्या गाडीने निघतो, आणि ताप्ती लाइनची गाडी नंदुरबार ओलांडेपर्यंत इकडे बाळ झालेलं असतं. तो पोचतो तेव्हा सगळं आवरलेलं असतं. अंगावरचे कपडे बदललेले, केस विंचरलेले, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. जे घडलं ते त्याला सासूच्या तोंडून कळतं.

मग सव्वा महिन्याची ती खोली. शेक-शेगडी, धुरी, मालिशवाली बाई, डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांवर तापलेलं असतं, तरी कानाला रुमाल घट्ट बांधलेला आणि पंखा बंद. पंख्याचं मला पटत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पण बाकीच्या सोपस्कारांबद्दल मला आदर आहे. दुखऱ्या, उसवल्यासारख्या झालेल्या शरीराला रोज कुणीतरी हात लावतं, तेल चोळतं, गरम पाण्याने न्हाऊ घालतं. या गोष्टी कुठल्याही औषधाइतक्या खऱ्या आहेत. ज्या बाईला सव्वा महिना असा मिळाला नाही, जिला आठव्या दिवशी विहिरीवर नाहीतर कापसात उभं राहावं लागलं, तिची कहाणी वेगळी असते आणि जास्त अवघड असते.

त्याच खोलीत बघायला येणाऱ्यांची रांग असते. प्रत्येक येणारीला बाळंतपण पहिल्यापासून सांगितलं जातं, आणि सांगते आई. नाहीतर मावशी, नाहीतर जेठानी. ‘रात्री दोनला पाणी गेलं, मग आम्ही रिक्षा केली, डॉक्टरीण बाई तर लग्नाला गेलेली, ही नुसती ओरडू लागली...’ पोरगी त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत स्वतःचीच हकिगत दुसऱ्याच्या तोंडून ऐकत असते. महिनाभरात ती हकिगत घट्ट होते. किती तास कळा, किती टाके, किती वजन, किती बिल, डॉक्टर काय म्हणाले. पाचवीला सटवाई पुजतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात, बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते ती रात्री येऊन लिहील म्हणून. आखाजीला झोक्यावरच्या गाण्यांत सासू येते, नणंद येते, भाऊ येतो, माहेरची वाट येते. लेबर रूम आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. एकीने मला सांगितलं, ती मराठीत बोलता बोलता एकदम अहिराणीत गेली, ‘ताई, माले कोनी इचारंच नही.’ तिचं बाळ तेव्हा चार वर्षांचं होतं.

आणि कधी ती सांगायला गेलीच तर ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग आता कशाला काढतेस?’ हे प्रेमानेच म्हटलं जातं. म्हणणारीच्या डोळ्यांसमोर अशी बाळंतपणं असतात, ज्यांत कुणीतरी वाचलं नव्हतं. तिच्या हिशेबाने ही पोरगी नशीबवान. ते बरोबरही आहे. पण जीव वाचला म्हणून त्या रात्री जे भोगलं ते पुसलं जात नाही, आणि भोगलं ते सांगितल्याने कुणाचे उपकारही विसरले जात नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात एकत्र राहू शकतात, हे घरच्यांना समजावण्यात माझा बराच वेळ जातो.

एकीचा कागद बघावा तर हेवा वाटावा. पहाटे दाखल, उजाडायच्या आत बाळ, वजन तीन किलो, दोन-तीन टाके, तिसऱ्या दिवशी घरी. पण तिला स्टीलच्या ताटात चमचा पडल्याचा आवाज सोसत नव्हता. घरात भांडी घासायला निघाली की ती गच्चीवर जाऊन बसायची, आणि घरचे म्हणायचे, कामाचा कंटाळा. पुष्कळ दिवसांनी कळलं ते असं. टाके घालताना भूल नीट चढली नव्हती. तिने दोनदा सांगितलं, दुखतंय. कुणी उत्तर दिलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या दोघी आपसांत ड्युटीच्या पाळ्या लावत होत्या, आणि मधेच कात्री खणकन ट्रेमध्ये पडत होती. ‘दुखण्याचं काही नाही ताई,’ ती म्हणाली, ‘कळा तर त्याहून जास्त होत्या. पण मी तिथे होते हे त्यांना माहीतच नसल्यासारखं होतं.’

दुसरी आली ती धाकट्या बहिणीला घेऊन. बोलता बोलता तिने स्वतःचं बाळंतपण सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्यातून १०८ मधून जिल्ह्याला हलवलेलं, रस्त्यात रक्तस्राव, पोचताच सीझर, रक्ताच्या पिशव्या, बाळ काचेच्या पेटीत. ऐकताना मीच पदर आवळून बसले होते. ती मात्र शांतपणे, मधे हसतही सांगत होती. का, ते तिच्याच सांगण्यात होतं. गाडीतल्या माणसाने जिल्ह्याचं ठिकाण येईपर्यंत तिला प्रत्येक गाव सांगितलं, आता हे आलं, आता एवढं राहिलं. ऑपरेशनच्या टेबलावर एक सिस्टर डोक्याशी उभी राहून काय चाललंय ते कानात सांगत राहिली. तिला ती सिस्टर आठवते, तिच्या हाताला लागलेला डेटॉलचा वास आठवतो.

बाळंतपणाचा घाव डॉक्टरच्या नोंदीवरून मोजता येत नाही, हे या दोघींनी मला जितकं पक्कं शिकवलं तितकं पुस्तकांनी नाही. पुस्तकंही तेच म्हणतात. शेरिल बेक या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने २००४ साली आघातकारक बाळंतपणांचा अभ्यास मांडला. तिचं म्हणणं असं, की जे बाईला आघात वाटलं ते दवाखान्यातल्या लोकांना पुष्कळदा रोजचं, नेहमीचं वाटलेलं असतं. त्याआधी, १९९१ मध्ये, सिएटलच्या पेनी सिम्किन यांनी वीस बायांची पहिल्या बाळंतपणाची आठवण तपासली होती. बाळंतपणानंतर लगेच लिहिलेलं त्यांच्याकडे होतं, आणि पंधरा ते वीस वर्षांनी त्याच बायांनी पुन्हा सांगितलेलं. आठवणी अजून लख्ख होत्या. आणि समाधान कशावर अवलंबून होतं? कळा किती तास चालल्या यापेक्षा आपल्याशी कसं वागलं गेलं, आपल्या हातात काही होतं का, यावर. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडची सत्तर वर्षांची म्हातारीसुद्धा सुईणीचं नाव आणि तिचा हात कसा होता हे सांगते. मधल्या पन्नास वर्षांतलं बाकीचं विसरलेली असली तरी.

इथे थोडं वेगवेगळं करून सांगायला हवं, कारण सगळ्यालाच लोक हल्ली ‘डिप्रेशन’ म्हणून मोकळे होतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत उगीच रडू येणं हे निम्म्याहून जास्त बायांना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे उदासी, भूक-झोप उडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं चालू राहिलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यासाठी १९८७ साली एडिंबरा इथे तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात, मीही वापरते. पण त्या दहा प्रश्नांत बाळंतपणाबद्दल एकही प्रश्न नाही, गेल्या सात दिवसांत मन कसं होतं एवढंच विचारलंय. त्यामुळे जिला आघात झालाय, जी दवाखान्याचा रस्ता टाळते, जिला स्वप्नात लेबर रूममधला तो दिवा दिसतो, दुसरं मूल नको म्हणून जी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, ती त्या चाचणीत कधी कधी अगदी व्यवस्थित निघते. २०१७ मधल्या एका आढाव्यानुसार बाळंतपणानंतर आघातोत्तर ताणविकार साधारण शंभरातल्या चौघींना होतो, आणि ज्यांचं बाळंतपण जोखमीचं किंवा गुंतागुंतीचं होतं त्यांच्यात हे प्रमाण अठरा-एकोणीसच्या घरात जातं. आणखी एक, हजारात एखाद-दुसरीला होणारं: बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत झोपच न लागणं, भास, बाळाबद्दल विचित्र खात्र्या, असंबद्ध बोलणं. तिथे समुपदेशन करत बसायचं नसतं, अंगारे-धुपारेही नाहीत. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ.

आता ऐकायचं कसं. ‘सगळं बोलून टाक, मोकळी हो’ हा आपला सगळ्यांचा आवडता सल्ला. बाळंतपणाच्या आघाताबाबत तो धोक्याचा ठरू शकतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय, की आघातकारक बाळंतपण झालेल्या बाईला एकाच बैठकीत तो प्रसंग पुन्हा जगायला लावणारे उपचार देऊ नयेत. मला हे बारकाईने पाळावंसं वाटतं, कारण लेबर रूममध्ये तिच्यावर जे झालं ते तिला न विचारता झालं होतं. माझ्या खोलीतही तिला न विचारता कुणी तिच्या आत हात घालून काही बाहेर काढू लागलं, तर फरक काय राहिला? म्हणून आधी तिच्या मनात ‘मी थांबवू शकते’ हे रुजू द्यायचं. खुर्ची दाराकडे तोंड करून हवी की पाठ करून, ते ती ठरवते. बाळ बाहेर आजीकडे की मांडीवर, ते तीच ठरवते. हात वर केला की मी थांबते, वाक्य अर्धं असलं तरी. पाय जमिनीला टेकलेत ना, कूलरचा आवाज येतोय ना, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या महिन्याचं आहे, हे अधूनमधून विचारते. वाचणाऱ्याला पोरकट वाटेल. पण ज्या क्षणी ती त्या टेबलावर परत जाते, तेव्हा ‘आज श्रावण आहे, तू जळगावात आहेस’ याचा मोठा आधार असतो.

मी गोष्ट कळांपासून सुरू करू देत नाही. त्याच्या पुष्कळ मागे जाते. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा कुठे होतीस? डोहाळे कशाचे लागले? कुणी कैऱ्या आणून दिल्या? तिथून हळूहळू त्या रात्रीपर्यंत यायचं, आणि तिथे कधीच थांबायचं नाही. बाळ पहिल्यांदा कुशीवर वळलं तो दिवस, पहिला दात, काल त्याने सांडलेलं वरण, इथपर्यंत प्रत्येक भेटीत यायचं. आघाताची आठवण शेवट नसलेली असते. तिला वाटतं ते अजून चाललंय. त्या रात्रीनंतर सकाळ झाली होती, हे तिला ठाऊक असतं. तिच्या शरीराला ते पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. गरज असेल तिथे मग आघातासाठीच्या खास उपचारपद्धती, औषधं लागली तर मनोविकारतज्ज्ञ.

एका साधनाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण ते प्रत्येक घरात असतं आणि कुणी उघडत नाही. दवाखान्याची फाईल.

एरंडोलकडची एक मुलगी ती कृषी सेवा केंद्राच्या पिशवीत घालून घेऊन आली होती. बाळ झाल्यावर रडलं नाही, आठवडाभर काचेच्या पेटीत होतं. आता दोन वर्षांचं, अगदी चांगलं. पण तिच्या मनात एक वाक्य रुतलेलं. कळा चालू असताना कुणीतरी तिच्यावर ओरडलं होतं, ‘ही नीट जोर लावत नाही, बाळाला त्रास होतोय.’ थोड्या वेळाने धावपळ, मग सीझर. दोन वर्षं ती धरून चालली होती की पोराचं जे झालं ते आपल्यामुळे. पोर जरा उशिरा बोलायला लागलं की तिच्या पोटात गोळा यायचा. सासरी कुणी तिला दोष दिला नव्हता, कारण तिने हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

फाईल सगळी इंग्रजीत. बारावी झालेली मुलगी, पण डॉक्टरी अक्षर आणि आडवीतिडवी आद्याक्षरं. मी डॉक्टर नाही, म्हणून तिच्या संमतीने ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बसवलं. आम्ही तिघींनी एकेक ओळ वाचली. किती वाजता दाखल, कितीला तपासलं, पिशवीचं तोंड किती उघडलं होतं. मग बाळाच्या ठोक्यांची नोंद आली. मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत, ते नव्वदपर्यंत उतरले होते. डॉक्टर बाईंनी बोट ठेवून वेळ वाचली, शेजारची नोंद वाचली: तोंड तेव्हा निम्मंही उघडलेलं नव्हतं. ‘तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावायचाच नसतो,’ त्या म्हणाल्या. ‘तू लावला असतास तर उलट आम्ही थांब म्हटलं असतं. बाळाला त्रास होत होता म्हणून सीझर केलं. तुझ्या जोराचा इथे संबंधच येत नाही.’

ती काही बोलली नाही. तिने तो कागद स्वतःकडे ओढला आणि ती वेळ पुन्हा वाचली. मग विचारलं, ‘हे त्यांनी मला तेव्हा का नाही सांगितलं?’

याला उत्तर नव्हतं. गर्दी असते, माणसं कमी असतात, दोन पाळ्यांचं काम एका सिस्टरच्या अंगावर असतं, हे सगळं खरं आहे, आणि मी दवाखान्यांना शत्रू मानत नाही. पण डिस्चार्ज देताना दहा मिनिटं बसून, तिच्या भाषेत, ‘हे असं झालं, म्हणून आम्ही हे केलं’ एवढं सांगितलं असतं, तर दोन वर्षांचं ओझं राहिलं नसतं. वार अडकली म्हणून हात घालून काढावी लागली, बाळाने पोटात शी केली होती म्हणून घाई झाली, रक्त थांबेना म्हणून पोट जोराने दाबलं, या गोष्टी न सांगता झाल्या तर अत्याचारासारख्या आठवतात, आणि सांगून झाल्या तर उपचारासारख्या. ज्यांना आपले कागद मिळाले नसतील त्यांनी मागावेत. मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्यात, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे.

मात्र प्रत्येक फाईल सुटका करेलच असं नाही. कधी कागदात खरंच हयगय दिसते. कधी नोंदच नसते, जणू मधले तीन तास घडलेच नाहीत. तेव्हा राग येतो, आणि तो यायलाच हवा. मी तो शांत करायला जात नाही. दोन बायांनी तक्रार केली, एकीने पत्र लिहून ते कपाटात ठेवून दिलं. तिघींचाही निर्णय त्यांचा होता.

मुलगी झाली म्हणून झालेला घाव हा वेगळाच. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे २३ टक्के बाया नैराश्यात सापडल्या, आणि गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांच्या जोडीला मुलगी होणं हेही जोखीम वाढवणारं दिसलं. आकडा गोव्याचा असला तरी चित्र आपल्याकडचंच आहे. दुसरीही मुलगी झालेल्या एकीला कळा आठवतच नव्हत्या. तिला आठवत होता तो पॅसेज. आत सिस्टरने ‘मुलगी’ म्हटलं, ते दाराबाहेर गेलं, आणि बाहेर चाललेलं बोलणं थांबलं. पेढे आधीच सांगून ठेवले होते. ते आले नाहीत, जिलेबीही आली नाही. तिचं सगळं बाळंतपण त्या पॅसेजमध्ये अडकून पडलं होतं. तिच्या नवऱ्याला मी एका भेटीला बोलावलं. तो म्हणाला, ‘मी तर कागदावर सही करून खाली जिन्यात बसलो होतो. सहीच्या वर लिहिलं होतं की जिवाचं काही झालं तर जबाबदारी आमची. मला मुलगा-मुलगी काही कळलंच नाही. मी तिच्या जिवाला घाबरलो होतो.’ ती त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षांत त्याने हे सांगितलं नव्हतं, आणि तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. पुरुषांनाही बाळंतपणाची आठवण असते; ती जिन्यातली असते, त्या सहीची असते, आणि आपल्याकडे त्यांना रडायला अजून जागा झालेली नाही.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे सगळं आणखी अवघड होतं. तिथल्या आशाताईंच्या प्रशिक्षणात मला काही वेळा बोलायला बोलावलं गेलं. रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाईला झोळीत घालून खाली आणतात, पुढे गाडी, पुढे दवाखाना. जीव वाचतात, यात वाद नाही. पण घरी जिच्या भोवती सासू, जाऊ, कधी नवरा असायचा, ती दवाखान्यात एकटी आत जाते. तिला पावरी किंवा भिली येते, समोरची मराठी बोलते. एक आशाताई म्हणाल्या, ‘आमची बाई ओरडत नाही मॅडम, म्हणून त्यांना वाटतं तिला दुखत नाही.’ सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, लेबर रूम सुधारण्याच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने वागवण्याचा आग्रहच धरला. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायांवरचे अभ्यास एकत्र तपासल्यावर असंच दिसलंय, की कळांमध्ये सतत एक माणूस सोबत असलं तर बाळंतपण कमी लांबतं, सीझर कमी होतात, आणि बायांची तक्रारही कमी राहते. प्रत्यक्षात सोबतीण आत जाते की नाही, हे त्या दिवशीच्या पाळीवर कोण आहे त्यावर ठरतं.

आशाताईंच्या हातात मोठी गोष्ट आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जातात. बाळाचं वजन, ताप, नाळ, आईचा रक्तस्राव, स्तन, सगळं फॉर्मवर असतं. त्यांतल्या एकीने स्वतःहून एक सवय लावून घेतली. चौदाव्या दिवशी ती बाळ आजीच्या हातात देते, आजीला अंगणात ऊन खायला पाठवते, आणि बाजेवर बसून विचारते, ‘तुला कसं गेलं ग ते?’ फॉर्मवर त्याला रकाना नाही. काहीजणी बोलत नाहीत. काहीजणी बोलतात आणि तिथेच हलक्या होतात. एखादीला पुढे पाठवावं लागतं. त्यांच्यासाठी ती १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर बाजेच्या मागे भिंतीवर लिहून ठेवते. त्या नंबरावर फुकट बोलता येतं आणि मराठीतही.

वयस्कर बाया माझ्याकडे स्वतःसाठी येत नाहीत, सुनेबरोबर येतात. सून बोलत असताना एक सासूबाई खुर्चीवर आधी ताठ बसल्या होत्या, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं चेहऱ्यावर स्पष्ट. सुनेने सांगितलं की बाळ रडलं नाही तेव्हा आपल्याला कुणी काहीच सांगत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, ‘माझंही रडलं नव्हतं.’ सुनेला माहीत होतं की आपला नवरा दोघांतला मोठा. त्याच्याही आधी एक झालं होतं, यावलजवळच्या वाडीत, केळीच्या बागेतल्या घरात. सुईणीने ते कापडात गुंडाळून नेलं, आणि यांना मुलगा होता की मुलगी ते सांगितलं नाही. यांनीही कधी विचारलं नाही. सदतीस वर्षं झाली. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तसं विचारलेलं चालतं का? मी म्हटलं, चालतं माय. सुईण कधीच वारली होती, पण तिची लेक होती गावात. पुढच्या आठवड्यात सासू-सून दोघी एसटीने जाऊन आल्या. तिथे काय कळलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या एरंडोलच्या मुलीला यंदा पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात तिने वहीचा कागद फाडून डॉक्टरांसाठी चार ओळी लिहिल्या. आत माझी आई किंवा बहीण राहील. हात लावायच्या आधी सांगा. बाळाचं काही वेगळं दिसलं तर मला लगेच सांगा, मी घाबरले तरी चालेल. या वेळी सीझर नको. तिने कागद मला दाखवला तेव्हा तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा होत्या. तपासणीला ती तो घेऊन गेली, मीही गेले. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, चौथ्याचं वचन मी देऊ शकत नाही, आधीचे टाके आहेत, प्रयत्न करू. गरज पडली तर करावंच लागेल, पण का ते तुला आधी सांगेन. ती म्हणाली, चालेल. बाकीच्या तीन ओळींसाठी त्यांनी लेबर रूमच्या सिस्टरला आत बोलावलं, कागद तिच्या हातात दिला, आणि हिला म्हणाले, आता हे तूच त्यांना वाचून दाखव.